नायकाला हवेत खलनायकाचे संवाद

मुरुम,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. अर्पिता हीस,
लिंबाजीमामाचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथं धडधाकट आहोत, तुम्ही धाराशिवला तसेच असाल असं धरून चालतो.

फोन का केला नाही म्हणून तुझी आई चिडली असंल. तिला सांग, तुझ्या भावाचा आवाज तीस वर्षं स्टेजवर बिनमाइकचा चालला आहे. मी घरात हळू बोललो तरी चौकातल्या चहाच्या गाड्यावर सगळा मजकूर पोचतो, आणि हा मजकूर तिथं पोचू नये असा आहे. म्हणून पाकीट.

आपल्या जत्रेच्या नाटकात बजरंगराव नायक आणि मी खलनायक, हे तू लहानपणापासून बघत आलीस. मांडव त्यांचा, पडदा त्यांचा, म्हणून नायकही तेच. यंदा ते अठ्ठावन्नचे झाले. मुनवर टेलरनं त्यांच्यासाठी पोट आत धरणारा पट्टा शिवला आहे. तो आवळला की त्यांना लांब वाक्य म्हणता येत नाही. नायिका सोलापूरहून येणार, करिश्मा म्हणून गुणी पोरगी आहे. बोलणी करायला आली तेव्हा ती बजरंगरावांना काका म्हणून पाया पडली. त्यावर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

निवडणूक कधीही लागंल म्हणतात. म्हणून यंदा नवं नाटक हवं, नायक गावाचं भलं करतो असं. तुमची भाची मोबाइलवर ऐकायच्या मालिका लिहिते ना, तिच्याकडून लिहून घ्या, असा हुकूम मला झाला. अटी ऐक. नायकाकडून चूक होता कामा नये. त्यानं रडायचं नाही. त्याला उलटून कुणी बोलायचं नाही, आईनंसुद्धा. त्याला काही मिळवायचंही नसावं, कारण त्याच्याकडं सगळं आहे. मी विचारलं, मग तो अडीच तास करणार काय? ते म्हणाले, उभा राहील.

चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून मी जे बघितलं ते तुला सांगतो. रहस्यकथांच्या पुस्तकांत खलनायक येतो ती पानं तेलकट झालीत, त्यांचे कोपरे गेलेत, एका समासात कुणीतरी झोकदार मिशा काढल्यात. नायकाचं लग्न होतं ती पानं करकरीत कोरी. चार पुस्तकांची तर ती पानं गळून पडली, एकाही वाचकाची तक्रार आली नाही.

आता खरी काळजी. बजरंगराव वाचनालय समितीचेही अध्यक्ष आहेत. जत्रेनंतर चार मार्चला बैठक आहे आणि तीत वाचनालय पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचा ठराव येणार. वाचनालय म्हणे दुसऱ्या मजल्यावर जाईल. नकाशा मी पाहिला. त्यात दुसरा मजला नाही.

आईला नमस्कार सांग. माया आहेच, उत्तर पाठवून ती ताजी ठेव.
तुझा,
लिंबाजीमामा


धाराशिव,
दि. १८ जानेवारी २०२५

ती. मामांस,
अर्पिताचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पाकीट पोस्टमननं हातात दिलं तेव्हा त्याला वाटलं, कोर्टाचं काहीतरी आहे. हल्ली हातानं लिहिलेल्या पत्त्याला लोक घाबरतात.

नायकांचं दुखणं मला नवं नाही. माझ्या मालिकेचा नायक जिल्हाधिकारी आहे. एकशे चाळीस भाग झाले, त्याला एकदाही शिंक आलेली नाही. मी एका भागात दिली, तर मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला की त्याची प्रतिमा बिघडते, शिंक खलनायिकेकडं वळवा. मी ती इंदुमतीआत्याला दिली. ही आत्या आत्तापर्यंत दोघांना विष घालून बसलेली बाई. तर तिच्यासाठी श्रोत्यांचे साडेतीनशे निरोप आले, त्यातल्या निम्म्यांत काढ्याची कृती होती. जिल्हाधिकारीसाहेबांची चौकशी आजवर एकाच माणसानं केली. त्याला रेशनकार्ड हवं होतं.

मामा, मला कळतं ते एवढंच. खलनायकाला काहीतरी हवं असतं, आणि ते का हवं ते त्याला पाठ असतं. तो सकाळी उठून कामाला लागतो. नायक मात्र खलनायकानं काही करायची वाट बघत बसतो. ऐकणाऱ्यांना कामाचा माणूस आवडतो, त्याला आपण काय करणार? आणि खलनायकाचं म्हणणं क्षणभर तरी आपल्याला पटलं पाहिजे. पटलं नाही तर तो डास. फटका मारला, विषय संपला.

म्हणून मी काय केलं, तर तुमच्या खलनायकाला वाचनालय पाडायला लावलं. त्याचं नाव नागोजी. त्याला तिथं दुकानं काढायची आहेत, आणि ती का काढायची यावर त्याला दोन पानांचं भाषण दिलं आहे. इतकं चांगलं जमलं की लिहिताना माझंच मत डळमळलं. नायक प्रताप वाचनालय वाचवतो, आखूड वाक्यांत. बजरंगरावांनी भर मांडवात वाचनालय वाचवलं, की चार तारखेला ते पाडायला त्यांना थोडी तरी लाज वाटेल, असा माझा हिशेब आहे.

संहिता सोबत आहे. मामींना सांगा, त्यांनी पाठवलेली शेंगाचटणी आईनं कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

लोभ आहेच, तो माझ्या संवादांसारखा कापू नये, ही विनंती.
आपली,
अर्पिता


मुरुम,
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद. तुझा हिशेब चुकला, पण दोष तुझा न्हाय. तू लई चांगलं लिहिलंस, तिथंच घोटाळा झाला.

परवा संध्याकाळी वाचनालयात वाचन ठेवलं होतं. बजरंगराव खुर्चीवर, त्यांची माणसं बाकांवर, मुनवर मापाची टेप गळ्यात घालून दाराशी. मी वाचत होतो. नायकाच्या प्रवेशांना बजरंगराव मान डोलवत होते, तिसऱ्या प्रवेशात त्यांचा डोळा लागला. मग नागोजीचं भाषण आलं. जुन्या भिंतींना किती दिवस कवटाळायचं, पुस्तकं भूक भागवत नाहीत, माझ्या गावच्या पोरांनी रोजगारासाठी हैदराबादच्या रस्त्याला का लागावं, वगैरे. ते ताडकन जागे झाले. तेवढं पुन्हा वाचा म्हणाले. मी वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग उठून म्हणाले की हे माझ्या काळजातलं आहे, त्या पोरीला कसं कळलं? एवढं चांगलं बोलणारा माणूस खलनायक कसा असंल? हा तर नायक. आणि त्याला आडवा येणारा तो खलनायक. लेखिकेकडून नजरचुकीनं नावं उलटी पडली असतील, तेवढी फिरवून घ्या.

मुनवरभाईनं अदबीनं विचारलं की मग मिशा कुणाला लावायच्या? बजरंगराव म्हणाले, मिशा लिंबाजीलाच राहू द्या.

म्हणजे आता प्रताप वाचनालय पाडून गावाचं भलं करणार, आणि मी नागोजी, ते पाडू न देणारा दुष्ट ग्रंथपाल. शेवटी प्रताप माझी गचांडी धरून मला बाहेर काढणार आणि मांडवात टाळ्या. दुसऱ्या दिवशी ठराव.

तुझ्या मामीला हे सांगितलं तर भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आली. म्हणाली, धुरपदा नाव न्हाय सांगणार जर तुमी त्या मांडवात उभं राहिलात तर. तीस वर्षं लोकांनी तुमाला शिव्या घातल्या, म्या खपवून घेतल्या, त्या खोट्या होत्या. ह्या खऱ्या असतील. तिचं बरोबर आहे. पण मी न्हाय म्हणालो तर नागोजीच्या मिशा दुसऱ्याच कुणाला लागतील, आणि त्याला वाचनालयाचं काय?

काय करू ते कळव. राग येईल, तो पत्रात ओत, आईवर नको.
तुझा,
लिंबाजीमामा


धाराशिव,
दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

राग आला आणि आईवरच निघाला. माझ्याकडची संहितेची प्रत मी फाडली. मग आईनं तुकडे गोळा केले, चष्मा लावला, जमिनीवर बसून आधीच्या नागोजीचं, वाचनालय पाडायचं भाषण जुळवून वाचलं आणि म्हणाली की बजरंगला दोष कशाला देतेस, मलासुद्धा हा माणूस चांगलाच वाटला.

रात्रभर विचार करायची माझी प्रकृती नाही, पण सकाळी बसस्टँडपर्यंत चालत गेले आणि येताना ठरवलं. बजरंगरावांच्या भाषणाची एक मात्राही बदलायची नाही. त्यांना ते सगळं म्हणू द्या. आपण फक्त आता ग्रंथपाल झालेल्या नागोजीला धड माणूस करायचं. मामा, नाटकात नायक कोण ते छापील कागदावर ठरतं, पण बघणारा जीव कुणाला लावतो ते कागदाच्या हातात नसतं.

अडचण माझीच आहे. नागोजीला वाचनालय का हवं ते मला लिहिता येईना. ज्ञानाचा दिवा, संस्कारांचं मंदिर, असलं लिहिलं आणि सगळं नायकाच्या तोंडचं वाटायला लागलं. तुम्ही खरं सांगा. भाषण नको. तुम्हाला ते का हवं? आणि एखादी गोष्ट अशीही सांगा, की जी सांगायला तुम्हाला लाज वाटते.

मामींना म्हणावं, नाटकात उभे राहा म्हणून मी सांगते आहे, शिव्या मला द्याव्यात.

अशीच माया ठेवा, मी तिचा गैरफायदा घेत राहीन.
आपली,
अर्पिता


मुरुम,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नावर चार दिवस गेले.

रोज येणारी माणसं दहा-बारा. सानिया पोलीस भरतीचा अभ्यास करते. घरात नऊ माणसं, पाय पसरायला जागा नाही, म्हणून सकाळी नऊपासून कोपऱ्यातल्या बाकावर असते. रुद्रम्मा सीमेपलीकडून लग्न होऊन आली, तिला मराठी अक्षर वाचता येत नाही. ती दुपारी पंख्याखाली बसते आणि मी तिला गोष्ट वाचून दाखवतो. मधेच कानडीत खलनायकाला शिव्या घालते.

आता लाजेचं. ह्या लोकांसाठीच हवं असं म्हणालो तर अर्धंच खरं. मला त्या किल्लीचा गर्व आहे. मी घरी फार विचारला जात नाही, गावात मी कुणीच न्हाय. पण नऊ वाजता कुलूप उघडतो तेव्हा दारात दोन माणसं माझी वाट बघत असतात. नवीन कादंबरी आली की पहिल्यांदा मी वाचतो, आणि मागणाऱ्याला बाहेर गेली आहे म्हणून सांगतो. चौतीस वर्षं हे करत आलोय. किल्ली गेली तर मी सकाळी उठून कुठं जाऊ, हे मला ठाऊक न्हाय.

हे लिही न्हायतर लिहू नको.
तुझा मामा


मुरुम,
दि. ५ मार्च २०२५

चि. अर्पितास,
खूप खूप आशीर्वाद. तू आली नाहीस ते बरं केलंस आणि वाईटही.

जत्रेत मांडव तुडुंब भरला होता. नाटक साडेसहालाच उभं केलं, कारण परीक्षांमुळं भोंग्याला मनाई. पहिल्या तीन रांगांत बजरंगरावांची माणसं टाळ्या वाजवायला बसवली होती. मामी आली. शेवटच्या रांगेत, तोंडावर पदर.

बजरंगरावांनी भाषण झकास केलं, खोटं का बोलू? पट्टा त्यांनी सैल करून घेतला होता, त्यामुळं लांब वाक्यंही निघाली. लोकांनाही पटत होतं. मग माझा प्रवेश. काळा कोट, मुनवरनं चिकटवलेल्या मिशा, हातात किल्ली. आल्या आल्या नेहमीसारखं हूं हूं झालं, कुणीतरी शेंगांची टरफलं फेकली. तू मागनं पाठवलेल्या नव्या पानांत आपली वाक्यं सोडून बजरंगरावांनी काही वाचलं नव्हतं. मी तू लिहिलेलं म्हणालो. होय, मी स्वार्थी आहे. नवी पुस्तकं मी लपवतो. ही किल्ली गेली तर मी कुणीच नाही. टरफलं यायची थांबली. खलनायक आपण होऊन कबूल करतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

नंतर प्रतापनं हुकूम दिला की ह्या पुस्तकांच्या ट्रंका बाहेर फेका. तुझ्या संहितेत नागोजी म्हणतो, फेका, पण आधी कुणी काय नेलं होतं ते वाचून दाखवतो. मी वाचनालयाची खरी जुनी वही आणली होती. वाचायला लागलो, पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, साल. चौथ्या नावाला मांडवातून आवाज आला, हजर! लोक हसले. पाचव्या नावाला दुसरा म्हणाला, हजर, पण पुस्तक बैलानं खाल्लं. मग जो तो. एका नावावर कुणी बोललं न्हाय. थोड्या वेळानं एक म्हातारा उठला आणि म्हणाला की तो माझा लेक, मागल्या साली गेला, पण हजर मांडा. मी खिशातलं पेन काढून वहीत त्या नावापुढं हजर मांडलं, अर्पिता.

मग पुढचं वाचलं. बजरंग, पाचवी ब, भुताची पुस्तकं तीन. आणि बजरंगराव, कमरेला तलवार, डोक्यावर टोप, त्याशिवाय नायक कसला म्हणून हट्टानं चढवलेला, ताठ उभं राहून पोरासारखं ओरडले, हजर! शाळेतली सवय, तोंडातून निघून गेलं. मांडव असा हसला की खांब हलले. ते पान मी दोन दिवस आधी शोधून दुमडून ठेवलं होतं. उगाच साधेपणाचा आव आणत न्हाय.

ह्यापुढं संहितेप्रमाणं त्यांनी माझी गचांडी धरायची. ते दोन पावलं आले. तेवढ्यात रुद्रम्मा स्टेजवर चढली, ट्रंकेवर बसली आणि बेडा, बेडा, नको नको, म्हणून चप्पल उगारली. तिच्यामागं सानिया, मग सात-आठ बायका. नायिका करिश्मासुद्धा विंगेतून येऊन रुद्रम्माशेजारी बसली, तिचा त्या प्रवेशात काही संबंध नसताना. बजरंगराव माझ्याकडं बघून हळूच विचारायला लागले की लिंबाजी, आता माझं वाक्य काय? त्यांना वाक्य नव्हतं. मुनवरभाईनं पडदा टाकला.

काल बैठक झाली. बजरंगराव टोपाशिवाय आले आणि म्हणाले की वाचनालय जागचं हलणार नाही, जनतेच्या भावनांचा मी सेवक. ठराव कागदावरच राहिला.

आज सकाळी चौकात फ्लेक्स लागला आहे. मधोमध ते, टोप आणि तलवारीसकट, खाली अक्षरं, वाचनालयाचा रक्षक. कोपऱ्यात मिशांसकट माझा फोटो, त्यावर लाल फुली आणि मजकूर, वाचनालय बंद पाडू पाहणाऱ्या प्रवृत्तींचा जाहीर निषेध.

मामी फ्लेक्सखाली उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, तुमचा फोटो त्यांच्यापेक्षा बरा आलाय.

माया आहे, ती आता दुप्पट धर.
तुझा,
लिंबाजीमामा


धाराशिव,
दि. ८ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हाताऱ्यापाशी आम्ही दोघी थांबलो. आणि फ्लेक्सपाशी मी ओरडले.

हे चालायचं नाही. वही तुमची, आवाज तुमचा, आणि रक्षक ते? तीस वर्षं स्टेजवर खोटी बदनामी सोसलीत, आता चौकात का सोसायची? मी वर्तमानपत्राला लिहिते. नकाशाचा फोटो पाठवा, दुसरा मजला नसलेला. माणसांना खरं कळलं पाहिजे. तुम्ही फक्त हो म्हणा.

रागात आहे, म्हणून नमस्कार आखूड. लोभ मात्र तेवढाच लांब.
आपली,
अर्पिता


मुरुम,
दि. १६ मार्च २०२५

चि. अर्पितास,
शांत आशीर्वाद. वर्तमानपत्राला लिहू नको.

नकाशाचा फोटो मी काढून ठेवला होता. पाकिटात घालून तुझा पत्ताही लिहिला. मग विचार केला. बजरंगराव खोटे ठरले तर त्यांना खरं वागायचं कारण उरणार न्हाय. आज गावभर त्यांचं नाव रक्षक म्हणून लागलंय, आता ते स्वतःच्या फ्लेक्सला बांधले गेलेत. परवा छताचे पत्रे बदलून द्यायला आपण होऊन माणसं पाठवली. मला फुली बसली, पण पाऊस आता सानियाच्या पुस्तकावर पडणार न्हाय. तुला हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटलं आहे असं न्हाय. रोज तिथून जाताना मान दुसरीकडं वळवतो.

पण कालचं ऐक. सकाळी अकराला बजरंगराव एकटेच वाचनालयात आले. टोप न्हाय, पट्टा न्हाय, माणसं न्हाईत. बराच वेळ कपाटं बघत फिरले. मग बाकावर बसून म्हणाले की लिंबाजी, तीस वर्षं नाटक संपलं की पोरं तुझ्याकडं पळत यायची, मिशा ओढून बघायची. मी हार घालून एका बाजूला उभा असायचो. माझ्याकडं त्यांचे बाप यायचे, कामं घेऊन. त्या दिवशी हजर म्हणून ओरडलो तेव्हा पहिल्यांदा पोरं माझ्याकडं बघून हसली. घरी गेल्यावर नातू म्हणाला, आबा, पुन्हा करा.

मग खाली बघून विचारलं की पुढल्या जत्रेला खलनायक मला देशील का?

मी लगेच हो म्हणालो न्हाय. मी म्हणालो, खलनायकाला शेवटी हरावं लागतं, सगळ्या गावासमोर. ते म्हणाले, चालंल. मी म्हणालो, आणि पडावं लागतं. हात टेकून, कपडे सावरून न्हाय. उभा माणूस आडवा झाला पाहिजे, आणि त्याला लागलं असं शेवटच्या रांगेला वाटलं पाहिजे. त्यांनी विचार केला. निवडणुकीतल्यापेक्षा जास्त केला असंल. मग म्हणाले, शिकव.

दोन कपाटांच्या मधे आम्ही सतरंजी टाकली. पहिल्यांदा ते बसले, पडले न्हाईत. दुसऱ्यांदा पडता पडता कपाट धरलं आणि ऐतिहासिक विभाग अंगावर आला. सानियानं कोपऱ्यातून सांगितलं की परीक्षा जवळ आली आहे, आवाज कमी करा. बजरंगरावांनी तिची माफी मागितली.

तिसऱ्यांदा त्यांनी कशालाही हात लावला न्हाय. सबंध माणूस जमिनीवर आला, डोळे छताकडं, आणि थोडा वेळ तसेच पडून राहिले. मी टाळी वाजवली. मग सानियानंही पेन खाली ठेवलं आणि वाजवली.

इकडची काळजी नसावी. आईला आणि तुला, मिशा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मामांचे आशीर्वाद.
तुझा,
लिंबाजीमामा